गावातच शेतमालावर प्रक्रिया: नागपूर जिल्ह्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काटोल-नरखेडचे संत्रा बागायतदार, उमरेड-भिवापूरकडचे तूर, कापूस आणि मिरचीवाले शेतकरी, तालुक्या-तालुक्यातल्या बचत गटांच्या ताई यांच्याकडून तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. ते इथे एकत्र केले आहेत. सोपे प्रश्न आधी, अडचणीचे नंतर. एखाद्या उत्तराचा भाग दुसरीकडे आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. प्रक्रिया म्हणजे कारखानाच ना? आमच्यासारख्यांना ते कसं जमणार?

कारखाना हे शेवटचं टोक झालं. शेतातून निघालेला माल साफ करणं, चाळणं, वाळवणं, प्रतवारी करणं, टरफल काढणं, दळणं आणि पाकिटात भरणं ही सगळी प्रक्रियाच आहे. या प्रत्येक टप्प्यावर मालाची किंमत थोडी वाढते आणि तो टप्पा ज्याच्या अंगणात होतो त्याच्याकडे ती वाढ राहते. आज आपली तूर पोत्यातून नागपूरच्या कळमना बाजारात जाते आणि डाळ होऊन आपल्याच गावच्या किराणा दुकानात परत येते. मधले सगळे टप्पे बाहेर होतात. त्यातला एक तरी टप्पा गावात आणायचा, इथून सुरुवात होते.

ही कल्पना आपल्या भागाला नवी नाही. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ १९३४ साली शेजारच्या वर्ध्यात, मगनवाडीत सुरू झाला. तेलघाणी, हातसडीचा तांदूळ, गूळ यावर तिथे काम झालं. आज त्याच मगनवाडीत महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे आणि ग्रामोद्योगाची छोटी यंत्रं तिथे जाऊन बघता येतात.

२. नागपूर जिल्ह्यात कोणत्या पिकावर गावात काय करता येतं?

तूर आणि हरभऱ्याची डाळ गावात उत्तम होते. मिरचीचं देठ काढणं, वाळवणं, दळणं होतं. संत्र्याची प्रतवारी आणि काही निवडक पदार्थ होतात, रसाचं मात्र जपून (प्रश्न ६). हळद, जवस, मोहफूल यांचंही थोडंफार काम होऊ शकतं. कापसाचं जिनिंग (रुई आणि सरकी वेगळी करणं) आणि सोयाबीनचं तेल गावपातळीवर जवळजवळ बसत नाही, त्याची कारणं प्रश्न ८ आणि ९ मध्ये आहेत. मौदा-रामटेककडे धान आहे, तिथे भातगिरण्या आधीपासून आहेत. तिथे नवी गिरणी टाकण्याआधी असलेल्या गिरण्या वर्षात किती महिने चालतात ते बघा.

३. यानं गरिबी खरंच कमी होते का? की व्यापाऱ्याच्या जागी गावातलाच एखादा मिलवाला श्रीमंत होतो?

दोन्ही होऊ शकतं. यंत्र गावात आलं म्हणजे पैसा गावात राहिला असं होत नाही. यंत्राची मालकी कोणाकडे, मजुरी कोणाला आणि किती दिवस, नफ्यातला वाटा कोणाला, या तीन गोष्टींवर सगळं अवलंबून आहे.

आपल्याकडे सर्वात गरीब घर कोणतं? बहुतेक वेळा ज्याला शेती नाही किंवा कोरडवाहू दोन-तीन एकर आहे आणि घरची बाई दुसऱ्याच्या शेतात जाते, ते. तिचं वर्ष बघा. जून ते ऑगस्ट निंदण-खुरपण, ऑक्टोबरमध्ये सोयाबीन, मग जानेवारीपर्यंत कापूस वेचणी. फेब्रुवारीनंतर पावसापर्यंत हाताला काम नसतं. तूर मात्र जानेवारी-फेब्रुवारीत घरात येते, मिरचीचा हंगामही त्याच काळातला, आणि मार्च ते मे विदर्भाचं ऊन इतकं कडक की वाळवणीला खर्च शून्य. म्हणजे माल, ऊन आणि रिकामे हात नेमके एकाच वेळी असतात. प्रक्रियेचा खरा फायदा मला इथे दिसतो. शेतकऱ्याला क्विंटलमागे चार पैसे जास्त मिळतील हे ठीकच, पण ज्या घरात मार्चनंतर मजुरीच नसते तिथे दोन महिने रोज काम मिळणं ही मोठी गोष्ट आहे.

म्हणून माझं ठाम मत आहे की योजना आखताना पहिला हिशेब मजुरीच्या दिवसांचा मांडा, नफ्याचा नंतर. वाटा कसा द्यायचा ते प्रश्न ११ मध्ये आहे.

४. सुरुवात कशापासून करू?

तुरीपासून. कारणं साधी आहेत. तूर वाळलेली असते, लगेच सडत नाही, डाळ घराघरात लागते, विकायला जाहिरात लागत नाही आणि यंत्र परवडतं. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली पीकेव्ही मिनी डाळ मिल विदर्भात गावोगावी ओळखीची आहे. ती दुरुस्त करणारा माणूस आणि सुटे भाग जवळ मिळतात, हा मोठा दिलासा. यंत्र घेण्याआधी चालू असलेल्या मिलवर पूर्ण एक लॉट होईपर्यंत थांबा.

काम असं चालतं. तूर आधी चाळून खडे, काडी, बारीक दाणे वेगळे काढायचे. लहान-मोठा दाणा एकत्र गेला तर मोठा फुटतो आणि लहान टरफलासकट बाहेर येतो, म्हणून प्रतवारी आधी. पहिल्या फेरीत रोलरवर दाण्याला फक्त ओरखडे पाडायचे. मग त्याला थोडं खाद्यतेल चोळायचं, दोन्ही हातांनी, वरचे दाणे खाली आणि खालचे वर करत, सगळ्या ढिगाला चमक येईपर्यंत. ढीग झाकून मुरू द्यायचा, नंतर ताडपत्रीवर पातळ पसरून कडक ऊन द्यायचं. पाण्याचा हात, पुन्हा ऊन, मग पुढची फेरी. नीट वाळलेला दाणा दाताखाली कट्‌कन तुटतो आणि टरफल बोटांच्या चिमटीत सुटतं. अनुभवी ताई ओलावा मोजायच्या मीटरशिवाय यावरूनच सांगतात की आता मिलमध्ये टाका. घाईत ओलसर टाकली की टरफल चिकटून राहतं, रोलर घासत बसतो आणि डाळीचा चुरा होतो.

५. एका क्विंटलमागे सुटतं किती? आकडे मांडून दाखवा.

भाव रोज बदलतात, म्हणून हे आकडे फक्त पद्धत कळावी म्हणून. समजा तूर ७,००० रुपये क्विंटल धरली. उतारा ७० किलो डाळ आला, ठोक भाव ११० रुपये, म्हणजे ७,७००. चुनी (डाळीचा बारीक चुरा), टरफल मिळून २७ किलो, ढोरांच्या खाद्याला २० रुपयांनी ५४० रुपये. एकूण ८,२४०. मजुरी, वीज, तेल, बारदाना, वाहतूक मिळून ६०० धरा. हातात ६४० रुपये.

आता उतारा ६५ किलोच आला असं समजा. डाळीचे ७,१५०, चुनी-टरफल ३२ किलोचे ६४०, एकूण ७,७९०. खर्च तोच. हातात १९० रुपये. पाच किलो उतारा घसरला आणि तीन भागांतले दोन भाग नफा गेला. म्हणून वाळवण आणि प्रतवारी हाच धंदा आहे, यंत्र चालवणं त्यामानाने सोपं.

तिसरा प्रकार: तीच ७० किलो डाळ एक-एक किलोच्या पाकिटात १३० रुपयांनी थेट ग्राहकाला विकली तर ९,१०० आणि चुनीचे ५४०. पाकीट, लेबल, फिरणं धरून खर्च १,१०० झाला तरी १,५४० उरतात. नफा विक्रीत आहे हे यावरून दिसतं, पण सगळा माल असा विकला जात नाही (प्रश्न १७).

६. संत्र्याचा रस गावातच काढून बाटलीत भरला तर? इतकी संत्री आहेत आपल्याकडे.

हा प्रश्न दर आंबिया बहारात, म्हणजे संत्र्याच्या हंगामात, येतो. उत्साह समजतो, पण आपल्या संत्र्याचा एक स्वभाव आधी कळला पाहिजे. नागपुरी संत्रं सोलून खायला अप्रतिम: साल सैल, फोडी सुट्या, गोडी आणि आंबटपणा दोन्ही. पण त्याचा रस काढून ठेवला की काही तासांत कडवट होतो. बिया आणि फोडींच्या पांढऱ्या पापुद्र्यात असलेल्या घटकापासून, रसातल्या आम्लामुळे, लिमोनिन तयार होतं. कडूपणा त्याचा. ताजा रस गोड लागतो, म्हणून नमुना पिऊन लोक यंत्र घेऊन बसतात आणि आठवड्याने बाटली उघडली की तोंड वाकडं होतं. गरम करूनही तो जात नाही, उलट वाढतो.

मोठे कारखाने कडूपणा काढायला वेगळी यंत्रणा बसवतात. तो खर्च गावाच्या आवाक्यातला नाही. घरगुती पातळीवर करायचंच असेल तर पूर्ण पिकलेलं फळ घ्या, सोलून, बिया न चिरडता हलक्या दाबाने रस काढा आणि साखर असलेल्या पदार्थात लगेच वापरा. स्क्वॅशमध्ये नियमाप्रमाणे किमान २५ टक्के फळांचा रस लागतो, साखर भरपूर असते, त्यामुळे तिथे थोडा कडवटपणा झाकला जातो. नागपुरातल्या अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत आधी जाऊन बोला, मगच पैसे गुंतवा.

७. मग चुरी संत्र्यांचं करायचं काय? व्यापारी तर ती फुकटात मागतो.

चुरी म्हणजे बारीक फळ. बाग ठोक्याने दिली की व्यापारी मोठी फळं डोळ्यासमोर ठेवून भाव ठरवतो आणि चुरी त्यात तशीच जाते. पहिला उपाय प्रक्रियेचा नाही, प्रतवारीचा आहे: चार-पाच बागायतदारांनी मिळून फळ आकाराप्रमाणे वेगळं केलं तर मोठ्या फळाला त्याचा भाव मागता येतो आणि चुरी किती निघते ते कळतं. बांगलादेशने आयात शुल्क वाढवत नेल्यापासून तिकडची वाट अरुंद झाली आहे, त्यामुळे देशातल्या बाजारात आकार आणि चकाकीला आणखी महत्त्व आलं आहे.

चुरीचे पदार्थ म्हणाल तर संत्रा बर्फीला गर लागतो आणि नागपूरची संत्रा बर्फी स्टेशनवरूनच देशभर जाते. मिठाईवाल्यांना हंगामात सोललेला, बिया काढलेला गर पुरवणं हे बचत गटाला जमणारं काम आहे. फक्त स्वच्छता आणि थंड साठवण पक्की हवी. मार्मालेडमध्ये किंचित कडू चव चालतेच, ती त्याची ओळख आहे. साल वाळवून पावडर करता येते, उटणं-साबणवाले घेतात. पण फवारणी केलेल्या बागेची साल असेल तर शेवटच्या फवारणीनंतरचे दिवस मोजल्याशिवाय ती कातडीवर लावायच्या वस्तूत देऊ नका. गळीची, सडलेली फळं कशातच घालू नका, खड्ड्यात पुरा.

८. कापूस आपलं मुख्य पीक. जिनिंग गावात का नाही?

नागपूरला १८७७ साली जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल सुरू केली ती भोवतीच्या कापसामुळेच. तरीही वेचलेल्या कापसावर शेतकऱ्याची मालकी जिनच्या दारापर्यंतच राहिली. जिनिंग-प्रेसिंग म्हणजे मोठी जागा, मोठा वीजभार, आगीचा धोका आणि हंगामाच्या सुरुवातीलाच कापूस विकत घ्यायला लागणारा प्रचंड पैसा. १७० किलोची एक गाठ बांधायला सुमारे पाच क्विंटल कापूस लागतो, यावरून अंदाज घ्या.

गावाने करण्यासारखं दुसरं आहे. क्विंटलभर कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई आणि ६० किलोंहून जास्त सरकी निघते. सरकीला तेल आणि ढेप असे दोन गिऱ्हाईक. शेतकरी कंपनीने (प्रश्न १२) सभासदांचा कापूस गोळा करून जिनमध्ये भाडं देऊन गाठी बांधून घेतल्या आणि रुई, सरकी वेगवेगळी विकली, तर दोन्हींचा भाव हातात येतो. यात भाव पडण्याची जोखीमही आपल्याकडे येते, म्हणून पहिल्या वर्षी थोडाच माल असा करा. वेचताना प्लॅस्टिकच्या पोत्याचे धागे, केस, पानांचा कचरा कापसात गेला नाही तर रुईला फरक पडतो. वेचणीला सुती कापड वापरणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

आणि पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं. आपण ती बांधावर पेटवतो. तिच्यापासून जळणाच्या ब्रिकेट आणि पेलेट, म्हणजे दाबून केलेल्या कांड्या-गोळ्या, होतात. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या कापूस तंत्रज्ञान संस्थेचं, म्हणजे सिरकॉटचं, जिनिंग प्रशिक्षण केंद्र नागपुरातच आहे, तिथे याची माहिती मिळते. पऱ्हाटी वेळेत शेताबाहेर गेली तर गुलाबी बोंडअळीचा पुढचा मुक्कामही हलतो.

९. सोयाबीनचं तेल गावच्या घाण्यावर काढता येईल का?

निघतं, परवडत नाही. सोयाबीनमध्ये तेल फक्त १८ ते २० टक्के. मोठे कारखाने द्रावक वापरून जवळजवळ सगळं काढतात आणि पेंड विकून नफा करतात. घाण्यावर त्यातलं बरंच पेंडीतच राहतं. घाणा टाकायचाच असेल तर जवस, शेंगदाणा, तीळ यांचा टाका. सोयाबीनमध्ये गावासाठी चांगलं काम बियाण्याचं: उगवणशक्ती तपासलेलं, नीट साठवलेलं घरचं बियाणं. सोया पीठ करणार असाल तर दाणा आधी वाफवून किंवा भाजूनच घ्या, कच्च्या सोयाबीनमधले घटक प्रथिनं पचू देत नाहीत.

१०. भिवापूरच्या मिरचीचं काय करता येईल?

भिवापुरात मिरचीचे सातरे चालतात. बाया ओळीने बसतात, पुढ्यात लाल ढीग, एक-एक मिरची उचलून देठ खुडायचा. मजुरी किलोवर. हाताची आग होऊ नये म्हणून तेल लावतात, तोंडाला पदर असतोच, तरी खोकला थांबत नाही. हजारो हातांना यातून काम मिळतं हे खरं आहे, आणि तिथेच थांबल्यामुळे मोठा पैसा पुढे जातो हेही खरं आहे. देठ काढलेली मिरची पोत्यात भरून बाहेर जाते, दळण दुसरीकडे होतं.

पुढचा टप्पा म्हणजे ओट्यावर किंवा ताडपत्रीवर वाळवणं आणि दळणं. मातीवर वाळवलेल्या मिरचीला बुरशी लागली तर अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं आणि ते दळून-शिजवूनही जात नाही. तिखटात ओलावा ११ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. रंग घालणं बेकायदा आहे, एकदाही नको. आणि जिथे देठ काढायचं काम चालतं तिथे हवा खेळती ठेवा, मास्क, चष्मा आणि हातमोजे द्या. हा खर्च मजुरीतून कापू नका.

११. ज्यांच्याकडे शेतीच नाही त्यांना यात वाटा कसा मिळेल?

तीन रस्ते मला खात्रीचे वाटतात. पहिला, यंत्राची मालकी बचत गटाकडे ठेवायची. शेतकरी तूर आणतो, गट क्विंटलमागे भरडाई घेतो, चुनी कोणाची हे आधी ठरवतो. यात माल विकत घ्यायला भांडवल लागत नाही आणि डाळीचा भाव पडला तरी गटाचं नुकसान होत नाही. दुसरा, मजुरीबरोबर हंगामाच्या शेवटी नफ्यातला ठरावीक हिस्सा कामाच्या दिवसांप्रमाणे वाटायचा, आणि तो ठराव पुस्तकात लिहून सह्या घ्यायच्या. तिसरा, सरकारी किमान वेतनापेक्षा कमी मजुरी कधीही नाही, बाई-पुरुष दर एकच. हा तिसरा नियम पाळला नाही तर पहिले दोन कागदावरच राहतात.

१२. एकट्याने करावं, बचत गटाने, की शेतकरी कंपनी काढावी?

भरडाईचं काम आणि छोटी पाकिटं असतील तर बचत गट पुरे. माल विकत घ्यायचा, साठवायचा आणि मोठ्या गिऱ्हाइकाला द्यायचा असेल तर शेतकरी उत्पादक कंपनी. दहा उत्पादक मिळून कंपनी नोंदवता येते, पण केंद्राच्या दहा हजार एफपीओ (शेतकरी उत्पादक संस्था) योजनेत आपल्यासारख्या सपाट भागात किमान ३०० सभासदांची अट होती. कागदावर ३०० आणि बैठकीला बारा अशी कंपनी काढू नका. दरवर्षीचं लेखापरीक्षण, कंपनी निबंधकाकडची विवरणपत्रं यांचा खर्च धंदा झाला नाही तरी येतोच. एकट्याने करणारा माणूस निर्णय लवकर घेतो आणि बऱ्याचदा चांगला चालवतो. त्यालाही ना नाही, फक्त मजुरीचं वर लिहिलं ते त्यालाही लागू आहे.

१३. अनुदान किती आणि कुठून?

प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग उन्नयन योजना, जिला सगळे पीएमएफएमई म्हणतात, २०२० मध्ये सुरू झाली. प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये. प्रक्रियेचं काम करणाऱ्या बचत गटाच्या सभासदाला ४० हजारांपर्यंत बीज भांडवल, तेही गटाच्या महासंघामार्फत. गोदाम, प्रतवारी केंद्र अशा कामांना कृषी पायाभूत सुविधा निधीतून दोन कोटींपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत. योजनांच्या मुदती आणि अटी बदलत असतात, म्हणून अर्जाआधी जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात चालू वर्षाचं परिपत्रक मागून वाचा. गटांसाठी उमेद (राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान) आणि माविमचे (महिला आर्थिक विकास महामंडळाचे) तालुक्यातले कर्मचारी अर्ज भरायला मदत करतात.

१४. अनुदान मिळतंच आहे तर मोठंच यंत्र घेऊ का?

नको. पीएमएफएमईचं अनुदान कर्जाशी जोडलेलं असतं. ते तुमच्या हातात येत नाही, बँकेत तुमच्या नावे वेगळं ठेवलं जातं आणि तीन वर्षं कर्ज नियमित राहिलं तर कर्जात वळतं होतं. हप्ते थकले की अनुदानही अडकतं. यंत्र मोठं, माल कमी अशी स्थिती झाली तर तीच वेळ येते. किती गावांत शेडला कुलूप आणि आत नवं कोरं यंत्र दिसतं! गावात आणि शेजारच्या दोन गावांत मिळून किती क्विंटल तूर खरोखर तुमच्याकडे येईल ते घरोघरी विचारून लिहा, त्याच्या निम्म्यावर यंत्र निवडा.

१५. परवाने कोणकोणते?

खाद्यपदार्थ विकायचे तर एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी किंवा परवाना हवाच. उलाढालीप्रमाणे काय लागतं ते त्यांच्या पोर्टलवर कळतं. पाकिटावर त्या नोंदणीचा १४ आकडी क्रमांक, वजन, किंमत, तारीख, पत्ता छापावा लागतो. पाकीटबंद मालासाठी वैधमापन विभागाची नोंद वेगळी, आणि वजनकाटा शिक्का मारलेला हवा. लहान उद्योगाची नोंद उद्यम पोर्टलवर मोफत होते, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका. शेड गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीचा दाखला. शेतात टाकायची असेल तर बांधकामाआधी तहसील कार्यालयात लेखी विचारा.

जीएसटी: माल विकणाऱ्याची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेल आणि विक्री राज्यातच असेल तर साधारणपणे नोंदणी लागत नाही. २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या डाळीवर २०२२ च्या जुलैपासून ५ टक्के जीएसटी आहे, हे मोठ्या ऑर्डर घेताना भावात धरा.

१६. शेतीपंपाच्या विजेवर मिल चालवली तर?

चालवू नका. कृषी जोडणीची वीज प्रक्रियेला वापरणं नियमबाह्य आहे, पकडलं तर दंडाचं बिल येतं आणि शेतीची जोडणीही तुटते. शिवाय ती वीज बऱ्याच ठिकाणी रात्री-अपरात्री येते आणि वाळवलेली तूर दिवसाच भरडायची असते. महावितरणकडे औद्योगिक जोडणी मागा, यंत्र घेण्याआधी. गावच्या रोहित्रावर भार शिल्लक आहे का ते लाईनमनला विचारा.

१७. तयार झालेला माल विकायचा कुठे?

आधी गावात. चारशे घरांच्या गावात महिन्याला किती डाळ लागते याचा हिशेब केलात तर आश्चर्य वाटेल. मग तालुक्याचा आठवडी बाजार, मग नागपूर. शहरातल्या कॉलन्यांमध्ये पॉलिश न केलेली डाळ मागणारी घरं बरीच आहेत, पण ती एकदा खडा निघाला की पुन्हा घेत नाहीत. वर्षभराची डाळ उन्हाळ्यात भरून ठेवायची पद्धत अजून टिकून आहे, एप्रिल-मेमध्ये दहा-वीस किलोच्या ऑर्डरी मिळतात. पाकिटांच्या भारी छपाईचा नाद सोडा: साधं लेबल आणि स्वच्छ माल पुरतो.

पहिल्या वर्षी निम्मा माल ठोक बाजारात जाईल असंच गृहीत धरा.

१८. तूर घरात आली की लगेच पैसे लागतात. प्रक्रियेपर्यंत थांबायचं कसं?

हीच खरी अडचण आहे. कृषी सेवा केंद्राची उधारी, मुलांची फी, लग्नसराई सगळं फेब्रुवारीतच. कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत बाजार समितीच्या गोदामात तूर, सोयाबीन, हरभरा ठेवून मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज १८० दिवसांसाठी ६ टक्के व्याजाने मिळतं. तुमची बाजार समिती ही योजना राबवते का ते विचारा. दुसरा मार्ग: निम्मी तूर विका, निम्मी भरडा. तूर ठेवणार असाल तर कडक वाळवूनच, नाहीतर भुंगा महिनाभरात दाणा पोखरतो.

१९. हमीभाव जास्त असेल तर तशीच विकणं बरं नाही का?

कधी कधी हो. २०२५-२६ हंगामासाठी तुरीचा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये होता. बाजारात ७,००० चालू असताना खरेदी केंद्रावर तुमची नोंदणी होऊन माल उचलला जात असेल, तर प्रश्न ५ मधल्या ६४० रुपयांसाठी भरडायचं कारण नाही. केंद्रावर द्या. केंद्र न घेणारा बारीक, प्रतीबाहेरचा दाणा मात्र मिलमध्ये घाला. त्याची डाळ चांगली होते, दिसायला लहान एवढंच. बचत गटाने अशा वर्षी भाव धरून बसू नये, भरडाईवर राहावं (प्रश्न ११).

२०. भाव चढेल म्हणून कंपनीने डाळ साठवून ठेवली तर?

आधी साठा मर्यादा लागू आहे का ते बघा. जून २०२३ मध्ये केंद्राने तूर आणि उडदावर अशी मर्यादा घातली होती, त्यात व्यापारी आणि मिलवाले दोघंही येत होते. मर्यादा असताना साठ्याची माहिती सरकारी पोर्टलवर भरावी लागते. शेतकऱ्याने घरात ठेवलेली स्वतःची तूर वेगळी आणि कंपनीने विकत घेतलेली वेगळी, हा फरक वहीत स्पष्ट दिसला पाहिजे.

२१. पाकिटावर ‘भिवापुरी मिरची’ किंवा ‘नागपूर संत्रा’ छापलं तर चालेल का?

दोन्ही नावांना भौगोलिक मानांकन आहे, नागपूर संत्र्याला २०१४ मध्ये, भिवापूर मिरचीला २०१६ मध्ये मिळालेलं. मानांकनाचं नाव आणि चिन्ह वापरायला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंद करावी लागते. तुम्ही त्या भागातले उत्पादक असाल तर नोंदणी जरूर करा. पण भिवापूरच्या सातऱ्यावर बाहेरच्या राज्यातली मिरचीही येते. ती दळून भिवापुरी म्हणून विकणं ही ग्राहकाची आणि खऱ्या भिवापुरीच्या शेतकऱ्याची, दोघांची फसवणूक आहे. कोणत्या शेतकऱ्याकडून कोणत्या तारखेला किती मिरची आली याची नोंद लॉटप्रमाणे ठेवा. नोंद नसलेल्या लॉटवर नुसतं ‘लाल तिखट’ छापा.

२२. दुसऱ्याची तूर भरडताना उतारा कमी आला तर भांडण होतं. ते कसं टाळायचं?

माल घेताना वजन शेतकऱ्यासमोर करा आणि चाळल्यानंतर पुन्हा करा. क्विंटलमागे तीन-चार किलो खडे-काडी निघाली तर ती त्याला तिथेच दाखवून परत द्या. ओल जास्त वाटली तर आधी वाळवून मगच वजन धरायचं, हे पावतीवर लिहा. प्रत्येक लॉटच्या पोत्याला नाव आणि क्रमांक लावा, दोघांची तूर एकत्र करू नका, लॉट छोटा असला तरी. छोट्या लॉटला यंत्रात थोडी डाळ अडकते, म्हणून किमान ५० किलोची अट ठेवली तर वाद बरेच कमी होतात. ज्यांच्याकडे त्याहून कमी तूर आहे त्यांनी शेजाऱ्याबरोबर मिळून आणावी आणि वाटणी आपसांत वजनाप्रमाणे करावी, गटाने त्यात पडू नये.